येझदीवर पुढे हेमलता

नोएडाच्या सेक्टर चौतीसपलीकडे तेव्हा रस्ते होते, पण रस्त्यांवर कुणी नव्हतं. सरकारने आधी रस्ते आखून ठेवले होते. माणसं मागाहून यायची होती. दोन्ही अंगांना मोहरीची शेतं, मध्येच खांबांवर उभा एखादा अर्धवट मजला, आणि संध्याकाळी आरामात रस्ता ओलांडणाऱ्या नीलगाई. आज तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. पण हेमलता पारखी त्या चौकातून जाताना अजून म्हणते, "इथे मी पडले होते. तिथे पण पडले होते." कारण याच रस्त्यांवर, चाळिशीला टेकलेली असताना, ती मोटरसायकल शिकली.

ती आणि तिचा नवरा गुणवंत पुण्याहून दिल्लीला आले ते शहाऐंशी साली. गुणवंत टीव्ही बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. हेमलताला कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळाली. सकाळी चार्टर्ड बसने यमुना ओलांडायची, दिवसभर कानाला हेडफोन लावून मुंबईचे ट्रंककॉल जोडायचे, संध्याकाळी पुन्हा तीच बस. गुणवंत मात्र आपल्या लाल येझदी मोटरसायकलवरून जायचा. पुण्यात असताना त्याने वरंधा, ताम्हिणी, आंबेनळी, सगळे घाट त्या गाडीवर पालथे घातले होते. दिल्लीत आल्यावर त्याने ना उन्हाची तक्रार केली, ना थंडीची.

"इथे रस्ता वर चढतच नाही गं," तो म्हणायचा.

मग त्याने चढणारे रस्ते नकाशात शोधायला सुरुवात केली. जनपथवरच्या पर्यटन कार्यालयातून नकाशे आणले, ते दिवाणखान्यात फरशीवर पसरले आणि कोपऱ्यांवर पितळी वाट्या ठेवल्या. दर रविवारी समोरच्या फ्लॅटमधला श्याम यायचा. नागपूरचा हा माणूस एका वर्तमानपत्रात जाहिरातींचं काम बघायचा, आणि त्याच्याकडे राजदूत मोटरसायकल होती. दोघांनी मिळून मोठी सफर ठरवली. रामनगरला जायचं, कॉर्बेटचं जंगल बघायचं, तिथून रानीखेत, कौसानी, ग्वालदम करत कर्णप्रयागला उतरायचं, चोपत्याला चढायचं, आणि येताना हरिद्वारजवळ राजाजीचं जंगल बघून परत.

वाद घालायला विषयांची कमी नव्हती. मे महिन्यात जावं तर जंगलं उघडी, वाघ पाण्यावर येतो, पण हवेतल्या धुरळ्यात हिमशिखरं बुडून जातात. ऑक्टोबरात जावं तर शिखरं धुतल्यासारखी स्वच्छ, पण जंगलाचं फाटक बंद.

"तुला वाघ पाहिजे की बर्फ, ते एकदा ठरव ना यार," श्याम वैतागायचा.

"दोन्ही," गुणवंत म्हणायचा. "एवढं लांब जायचं आणि अर्धंच बघून यायचं?"

शेवटी नोव्हेंबरचा मधला काळ सापडला. जंगल नुकतंच उघडलेलं, आणि आभाळ अजून निळं. थंडी कडाक्याची, पण त्यासाठी स्वेटर होते. हेमलता स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायची, चहा पाठवायची आणि मनात हसायची. त्यांची पूर्वी नावाची मुलगी दिल्लीतच वाढलेली. ती नकाशावर ओणवी होऊन विचारायची, "पप्पा, घाट तर नदीवर असतो ना? तुम्ही पहाडात घाट का शोधताय?" गुणवंत तिला पुण्याकडचा घाट समजावून सांगायचा, आणि ती "अच्छा" म्हणून पुन्हा विसरायची.

चौऱ्याण्णवला दोघं निघणारच होते, तर पहाडात वेगळ्या राज्याचं आंदोलन पेटलं. रस्ते बंद, गावोगाव संचारबंदी. "पुढच्या वर्षी," श्याम म्हणाला. पण पुढच्या वर्षी श्याम श्याम राहिला नाही. बाहेरच्या कंपन्या धडाधड येत होत्या. त्याला गुडगावला एका विदेशी कंपनीत नोकरी लागली, टाय आला, मारुती आली. राजदूत कुणाला तरी देऊन टाकली आणि तो तिकडेच राहायला गेला. एका रविवारी तो पाच मिनिटांसाठी डोकावला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, सुट्टीच नाही मिळत हो. गुणवंतला सांगा ना, रागावू नको म्हणून." गुणवंत आतच बसला होता. त्याने सगळं ऐकलं, पण बाहेर आला नाही.

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी डाव्या बाजूने आलेला सायकलवाला गुणवंतला दिसलाच नाही. दोघंही पडले. खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. पण सायकलवाला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "साहब, मैं तो आपके सामने था." तेव्हा हेमलताला बाकीचं सगळं आठवलं. दाराच्या चौकटीला लागणारे खांदे. टेबलाच्या कडेचे फुटलेले पेले. अंधार पडल्यावर जिन्यात चाचपडणारा हात. इतके दिवस ती त्याला वेंधळा म्हणत आली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या आणि मग सावकाश सांगितलं, "समोरचं उत्तम दिसतंय तुम्हाला. बाजूचं दिसत नाही. आणि समोरचं वर्तुळसुद्धा हळूहळू लहान होत जाणार."

"किती हळूहळू?" गुणवंतने विचारलं.

"ते सांगता येत नाही. कुणाला दहा वर्षं लागतात, कुणाला वीस. औषध नाही. गाडी चालवणं मात्र आजपासून बंद."

घरी आल्यावर गुणवंतने येझदीवर जुनी सतरंजी टाकली. नकाशांची सुरळी करून माळ्यावर ठेवली. जेवताना तो कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच. आजाराबद्दल कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद त्याने हेमलताला दिली. कारखान्यात कळता कामा नये. पुण्याला आईला तर मुळीच नाही.

पुढचे काही दिवस हेमलता ट्रंककॉल जोडताना चुकत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. हा माणूस इतकी वर्षं ज्या डोंगरांच्या नावांवर बोट फिरवत आला, ते डोंगर बघायचे तर आताच बघायला हवेत. बसने जाता आलं असतं. तिने ते सुचवूनही पाहिलं.

"बसच्या खिडकीतून?" तो म्हणाला. "राहू दे."

मग एका शनिवारी तिने सतरंजी काढली.

"हे काय चाललंय?"

"मला शिकवा," हेमलता म्हणाली. "मी पुढे बसते, तुम्ही मागे बसा. मागे बसून बघायला कडेचं कशाला दिसायला पाहिजे?"

तो हसला, मग चिडला. आयुष्यात तिने सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. "ही गाडी दमवते, हेमा. लुना नाही ही."

"मग दमेन."

मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट तिला आले. सलवारीचे पाय तिने रबरबँडने बांधले. येझदीची तऱ्हाच निराळी. तिचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. तो आत दाबून वर उचलायचा, किक मारायची, पुन्हा खाली पाडायचा. पहिल्या दिवशी किक उलटून नडगीवर बसली आणि हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणवंत नाल्याच्या कठड्यावर बसून ओरडत होता, "क्लच हळू सोड! हळू म्हणजे हळू!" ती हळू सोडायची आणि गाडी बंद पडायची. जोरात सोडायची तर शेजारच्या शेतात जायची.

जवळच्या गावचे दोन म्हातारे गुज्जर रोज तिथे खाट टाकून हुक्का ओढत बसायचे. चार-सहा दिवस त्यांनी हा तमाशा बघितला. मग एकाने गुणवंतला विचारलं, "बाबूजी, खुद क्यों नहीं चलाते? लुगाई को क्यों गिरा रहे हो?"

हेमलता गाडी उचलत होती. तिचा हात थांबला. गुणवंत काहीतरी थाप मारेल असं तिला वाटलं.

"ताऊजी, मुझे दिखता नहीं है ठीक से," तो म्हणाला. "आँखें जा रही हैं. इसलिए ये सीख रही है."

म्हाताऱ्याने हुक्क्याची नळी बाजूला केली. तो उठला, हेमलताच्या जवळ आला आणि येझदीची सीट मागून धरून म्हणाला, "ला बेटी, मैं धक्का दूँ." परक्या माणसासमोर गुणवंतने ती गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने माळ्यावरचे नकाशे खाली काढले.

पावसाळा संपेपर्यंत हेमलता चिल्ला गावावरून निजामुद्दीनच्या पुलापर्यंत गाडी न्यायला लागली. पक्कं लायसन्स आलं. एक दिवस तर ती सदनात येझदीवर गेली, आणि दारावरच्या शिपायाने तिला न ओळखता अडवलं. आता प्रश्न राहिला मुलीचा, पूर्वीचा. तिच्यासाठी पुण्याहून सासूबाई गिरिजाबाई आल्या. त्यांना सगळं सांगावं लागलं, डोळ्यांचंही. त्या रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी त्या शाल गुंडाळून खाली आल्या आणि हेमलताला म्हणाल्या, "काढ ती गाडी. आधी मला एक फेरी मारून आण. मी धड परत आले तर मुलगा देते."

गिरिजाबाई नऊवारी सावरत एका बाजूने बसल्या. हेमलताने त्यांना सेक्टरला पूर्ण वळसा घालून आणलं. उतरल्यावर त्या इतकंच म्हणाल्या, "वळणावर जरा धीराने घे."

नोव्हेंबरात भल्या सकाळी धुक्यातून ते दोघं निघाले. मुरादाबादच्या ट्रकांना हेमलता कडेला थांबून वाट देत राहिली. रामनगरला पोहोचल्यावर तिची बोटं हँडलवरून सुटेनात. जंगलात मोटरसायकल नेता येत नाही, म्हणून गाडी लॉजवर ठेवून ते वनखात्याच्या जीपने आत गेले. दुसऱ्या दिवशी हत्तीवरून फिरताना माहूत कुजबुजला, "साहब, बाएँ!" उंच पिवळ्या गवतातून वाघ चालत गेला, सावकाश, मागे वळूनही न बघता. गुणवंतने मान वळवेपर्यंत गवत पुन्हा मिटलं होतं.

"कसा होता?" त्याने विचारलं.

हेमलता सांगत गेली. खांद्यांची हालचाल, पोटाखालचा पांढरा रंग, शेपटीचं टोक. तो डोळे मिटून ऐकत होता.

"अच्छा," तो म्हणाला, "म्हणजे घाई नव्हती त्याला."

चढण सुरू झाली आणि पारडं फिरलं. हेमलताला रस्त्याशिवाय काही बघायची सोय नव्हती. खड्डे, खडी, वळणं, समोरून येणाऱ्या बसचा हॉर्न. दरी कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळायचं. मागून गुणवंत तिच्या कानाशी बोलत राहायचा. आता देवदार सुरू झाले. आता एका घराच्या छपरावर लाल मिरच्या वाळत घातल्यात. कौसानीजवळ तो एकदम गप्प झाला. तिला वाटलं झोप लागली, म्हणून तिने घाबरून हाक मारली.

"हेमा," तो म्हणाला, "थांबव. हे मला सांगता येणार नाही."

तिने गाडी थांबवली. समोर आभाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बर्फ होतं. गुणवंत एकेका शिखरावरून नजर सरकवत होता, तुकड्यातुकड्याने, जणू वाचत होता. नावं त्याला सगळी पाठ होती. त्रिशूल त्याने दोनदा म्हटलं.

चोपत्याच्या चढावर, सावलीच्या वळणावर, ओहोळाचं पाणी रस्त्यावरच गोठलेलं होतं. चाक सरकलं आणि हेमलताने गाडी थांबवली. "मी नाही नेत पुढे," ती म्हणाली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. गुणवंत उतरला. "समोरचं तर मला दिसतंच," तो म्हणाला, आणि पायाने जमीन चाचपत पुढे चालू लागला. बर्फ नसेल तिथे हात वर करायचा. ती पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला टेकवत, त्याच्या मागोमाग गेली. वर चहाच्या टपरीवर पोहोचल्यावर दोघांनाही हसू आवरेना. टपरीवाल्याने काही न विचारता दोन पेले पुढे केले.

हरिद्वारला येईपर्यंत सुट्टी संपत आली होती. राजाजीचं जंगल राहूनच गेलं. त्यानंतर पारखी कुटुंब पहाडात बसने, मोटारीने बरेचदा गेलं, पण येझदीवरून ती एकच सफर झाली. सेक्टर भरत गेले, रस्त्यांवर कॅब आणि कारखान्यांच्या बसेस दाटल्या, मेट्रोचे खांब उभे राहिले. गुणवंतचं वर्तुळ डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा सावकाश आवळत गेलं, पण आवळत गेलंच. आता त्याला खिडकीचा उजेड कळतो, खिडकी कळत नाही. श्याम निवृत्त होऊन पुन्हा समोरच राहायला आलाय. रविवारी येतो, पहिल्यासारखाच वाद घालतो.

हिवाळ्यात कधी दुपारी ऊन गच्चीवर येतं, तेव्हा हेमलता संत्री सोलत बसते आणि विचारते, "अहो, ग्वालदमच्या उतारावर काय काय होतं हो? मी तर नुसता रस्ता बघत होते."

आणि गुणवंत सांगतो. खाली पिंडर नदी कशी हिरवी दिसत होती, पलीकडच्या डोंगरावरची शेतं कशी पायऱ्यांसारखी उतरत होती, पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बायका कडेला सरकून हेमलताकडेच कशा टकामका बघत राहिल्या होत्या. दर वेळी त्यात थोडी भर पडते. हेमलता त्याच्या हातावर संत्र्याची फोड ठेवते आणि म्हणते, "मग?"