आखाजीची मुराळी

मी हायस्कुलात नोकरीला लागले तेव्हा सासरच्यांनी दारात मांडव घालून माझा सत्कार केला. सासरे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, माइक हातात घेऊन म्हणाले की सुनेला आम्ही शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माय पुढेच बसली होती, तिनेही वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही म्हणे!

बी.ए.चं शेवटचं वर्ष मी बाहेरून करत होते, लग्न झाल्यावर. सासरी पुस्तक उघडलं की कुणाला तरी नेमकं तेव्हाच पाणी हवं असायचं. परीक्षेला जाते म्हटलं असतं तर उंबरा ओलांडू दिला नसता. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाणार म्हणजे जाणारच, तिला अडवलं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. परीक्षा आखाजी झाल्यावर लगेच, जळगावला होती. मायने हे बरोबर हेरलं.

घोडं अडलं ते मुराळ्यावर. लेकीला न्यायला मुराळी लागतो, आणि तो म्हणजे भाऊ, बाप, नाहीतर चुलता. मला भाऊ नाही. वडील मी शाळेत असतानाच गेले. चुलत्याने साफ सांगितलं, लग्न झालेल्या पोरीला कसली आलीय परीक्षा, मी जाणार नाही. मग माय स्वतःच निघाली. भडगावहून धुळे, धुळ्याहून शिंदखेडा, आणि फाट्यापासून माझ्या सासरच्या गावापर्यंत वैशाखाच्या उन्हात पायी.

आबांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, पुरुषमाणूस पाठवा, मग सून पाठवू. बाई कधी मुराळी असते का? माझा नवरा दारात उभा राहून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्या अंगठ्याचा मला अजून राग येतो.

मायने पिशवीतून वडिलांची पांढरी टोपी काढली. धुतलेली, नीळ दिलेली. म्हणजे इथे काय होणार ते तिला घरून निघतानाच ठाऊक होतं. पदरावरून तिने ती टोपी डोक्यावर चढवली आणि मांडी घालून बसली.

"मुराळी उना," ती म्हणाली. "आते मनी पोरले लिसनच जासू."

मुराळी आलाय आणि पोरीला घेऊनच जाणार, हे ऐकून बघता बघता गल्ली गोळा झाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माणसं तर उघडच हसली. कुणीतरी ओरडून विचारलं, मुराळी, तंबाखू खाणार का? माय ढिम्म हलली नाही. शेवटी आपल्याच ओट्यावरचा तमाशा आबांना सोसवेना. घेऊन जा म्हणाले, पण आधी ती टोपी काढा. मायने ती गाव मागे पडल्यावरच काढली.

एसटीत मी रडत होते. दुःखाने नाही, संतापाने. माझ्या एका परीक्षेसाठी तिला गावभर हसं करून घ्यावं लागलं होतं.

"हासू दे तेस्ले," माय म्हणाली. "तुना पहिला पेपर कवय शे?"

आखाजीला आळीतल्या सगळ्या लेकी झोक्यावर होत्या. मायने त्यांना सांगून टाकलं की माझ्या पोरीला ऊन लागलंय, आणि मला मागच्या खोलीत पुस्तकं देऊन बसवलं. सांजोऱ्या तिथेच आणून दिल्या. एक भांडं घासू दिलं नाही. जळगावला पेपर चालू असताना ती फाटकाबाहेर निंबाखाली पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहायची.

आणि आता आबा म्हणत होते, आम्ही शिकवलं.

त्यावर कडी म्हणजे दीर उठले आणि टोपीचा तो किस्सा रंगवून सांगू लागले. मांडव खदखदून हसला. मायही हसली, पण मान खाली घालून. मग मला बोलायला सांगितलं. आभाराचं भाषण मी पाठ करून आले होते, ते राहू दिलं. पाहुण्यांच्या सत्कारासाठी ताटात नारळ आणि पांढऱ्या टोप्या ठेवल्या होत्या. त्यातली एक मी उचलली, व्यासपीठावरून खाली उतरले आणि मायच्या पदरावरून तिच्या डोक्यावर ठेवली. बस खाली, असं ती पुटपुटत होती. मी माइकपाशी परत गेले.

"आते हासा," मी म्हणाले.