भावाचा रकाना

शब्बीरभाईंच्या गाळ्यासमोर सकाळपासून माणसं उभी होती आणि एकही जण आत येत नव्हता. आत कॉम्प्युटर चालू होता, प्रिंटर चालू होता, मागे जनरेटर धडधडत होता. आदल्या संध्याकाळी शब्बीरभाईंनी एसटीडी बूथवरून मला फोन केला होता. "सर, प्रोग्राम बिघडलाय. तुमी या." म्हणून मी नगरहून पहिली एसटी पकडून आलो होतो.

मी एंट्री तपासल्या, प्रिंट काढून पाहिली. काहीही बिघडलेलं नव्हतं. बाहेर गर्दी कसली, असं विचारलं तर शब्बीरभाई प्रिंटरचे कागद सारखे करू लागले.

शेवटी भानुदासबाबा म्हणून एक म्हातारे शेतकरी उंबऱ्याशी आले. भिंतीवर लावलेल्या कागदाकडे त्यांनी काठी केली.

"शब्बीर, माझ्या बैलांचा भाव तू भिंतीला लावला न्हवं? आता बैल बी भिंतीलाच बांध. दुसरं कोन घेत न्हाई."

नव्वदच्या दशकात नगरमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास होता. नुसत्या क्लासवर भागत नव्हतं, म्हणून मी आणखी एक काम करायचो. डोक्यात धंदा आहे पण प्रोग्रामिंग येत नाही, अशा माणसाला त्याचं सॉफ्टवेअर त्याच्याच हातून बनवायला शिकवायचं. कोडची एक ओळही लिहायची नाही. तेव्हा डेटाबेसची तयार पॅकेजेस मिळायची. डेटाबेस म्हणजे रकाने आखलेली वहीच, फक्त ही वही विचारलं की हवी ती ओळ शोधून देते. रकान्यांना नावं द्यायची, मेनूतून पर्याय निवडत जायचं, शेवटी स्क्रीन आणि प्रिंट तयार. पुण्याचे इंजिनीअर याला हसायचे. याला काय प्रोग्रामिंग म्हणतात का, असं एकाने मला माझ्याच गिऱ्हाइकासमोर विचारलं होतं. मी कर्जतहून येऊन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम करत, इंग्रजी मॅन्युअलं डिक्शनरी घेऊन वाचत शिकलो. त्या हसण्याचा राग मी अजून सोडलेला नाही. सोडायचा विचारही नाही.

शब्बीरभाई नेवासा तालुक्यातले जनावरांचे व्यापारी. पहिल्या भेटीत मी फी सांगितली. त्यांनी निम्मी केली. मी उठून उभा राहिलो, ते हसले.

"बसा सर. बोटं न्हाईत म्हनून तोंडानं मागतोय. तोंडानं सौदा करायची मला सवय न्हाई."

तेव्हा त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. अंगठा आणि करंगळी होती. मधली तिन्ही बोटं कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली होती.

बैलबाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. भोवती दहा माणसं असली तरी त्यांना नुसता रुमाल हललेला दिसतो. सौदा मोडला तरी पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा आकडा कळत नाही, आणि विकणाऱ्याची पत राहते. हात उजवाच लागतो. डावा कुणी धरत नाही. शब्बीरभाईंनी मेहुण्याला मध्ये घालून पाहिलं होतं. पण ज्याची बोटं त्यालाच भाव कळतो, आणि मेहुण्याच्या पोटात काही राहत नव्हतं. अख्खा जन्म बाजारात गेलेला माणूस आता बाजारात येऊन नुसता चहा पिऊन जात होता.

त्यांना हवी होती एक यादी. कुठल्या गावात कुणाचं कुठलं जनावर विकायचं आहे. जात, दात म्हणजे वय, कामाची सवय आणि भाव. ती बाजाराच्या आदल्या दिवशी छापायची, थोड्या पैशांत विकायची, एक प्रत गाळ्याच्या भिंतीवर लावायची. कल्पना चांगली होती. असलं काही तेव्हा मी तरी कुठे पाहिलं नव्हतं.

मी एकच गोष्ट सांगितली. "भावाचा रकाना काढा."

"का?"

"मी स्वतः घासाघीस करून जगतो, शब्बीरभाई. माझा आकडा आधी कळला तर माझ्याकडे विकायला काही उरत नाही."

"भाव काढला तर मला काय उरतं, सर? कुनाच्या दारात बैल हाय हे तर कोंबड्यांना बी ठाऊक असतं. बाजारात मी मुका झालोय. भाव कागदावर आला तरच मला बोलता येईल."

मी चिडून बरंच बोललो. ते एवढंच म्हणाले, "रकाना राहू द्या." माल त्यांचा, धंदा त्यांचा. रकाना राहिला.

सगळं त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने बनवलं. मी शेजारी बसून फक्त ओरडायचो. पहिल्यांदा त्यांनी स्वतः मेनू निवडून सर्च केला, 'खिलार, चार दाती' टाकलं आणि स्क्रीनवर नेमके तेवढेच बैल उरले, तेव्हा ते खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे पुसलेले होते. कॉम्प्युटरसाठी त्यांनी घरची दुभती म्हैस विकली होती. ती विकायला मात्र मेहुणाच लागला.

मग लुनावरून गावोगाव फिरून त्यांनी माहिती गोळा केली. लोक शब्बीरभाईंवर विश्वास ठेवायचे. ओट्यावर बसवून, चहा देऊन, त्यांनी कानात भाव सांगितले.

यादी पहिल्याच बाजाराला संपली. दुसऱ्या बाजाराला जास्त छापली, तीही संपली. शब्बीरभाईंनी मला क्लासवर पेढे आणून दिले. मी एक खाल्ला आणि म्हणालो, माझं चुकलं असेल. असं मी सहसा म्हणत नाही.

यादी घेत कोण होतं, हे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. घेत होते व्यापारी. आदल्या संध्याकाळी यादी घ्यायची, टेम्पो काढायचा आणि थेट शेतकऱ्याच्या दारात जायचं. "तुझाच आकडा हाय का ह्यो? मग आता ह्याच्या खाली बोल." ज्याने विकलं त्याने कमी भावात विकलं. ज्याने नाही विकलं तो बाजारात आला, तर तिथे कुणी त्याच्या हातावर रुमालच टाकेना. त्याचा आकडा सगळ्यांना पाठ होता. भानुदासबाबा त्यातलेच.

म्हणून त्या दिवशी माणसं उंबऱ्याबाहेर उभी होती. त्यांना आपापली नावं काढून हवी होती.

"पुसा," शब्बीरभाई मला म्हणाले.

"तुम्ही बनवलंय, तुम्हीच पुसा." मी रागात होतो. कुणावर, ते तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

त्या पॅकेजमध्ये ओळ डिलीट केली की लगेच जात नसे. तिच्यापुढे नुसती चांदणीसारखी खूण यायची. शेवटी एक कमांड दिली की मग खूण केलेल्या सगळ्या ओळी कायमच्या जायच्या. भानुदासबाबा स्क्रीनला नाक लावून उभे होते.

"पुसलं का?"

"पुसलं, बाबा."

"मग मला माझं नाव दिसतंय ते काय?"

"खूण केलीय. शेवटी जाईल."

"आरं, खुणा काय करतो? मी काय मेंढरू हाय का?"

मागे कुणीतरी हसलं. शब्बीरभाई हसले नाहीत. एकेक जण आत येऊन नाव सांगत होता आणि ते एका बोटाने खुणा करत होते. कुणी त्यांना शिवी दिली नाही. त्यापेक्षा दिली असती तर बरं झालं असतं. संपूर्ण स्क्रीन खुणांनी भरली तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, अजून हाय ना सगळं आत?"

"आहे. तुम्ही सांगेपर्यंत राहील."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "घालवा."

कमांड मीच दिली.

पुढच्या बाजाराला मी शब्बीरभाईंना कॉम्प्युटर विकायला मदत करायला गेलो. गिऱ्हाईक होते तात्या, यादी सर्वांत जास्त घेणारे व्यापारी. त्यांना खताच्या दुकानासाठी मशीन हवं होतं. मी आधी त्यांच्यावर तुटून पडलो. "तुमच्यामुळे या माणसाचा धंदा बुडाला."

"माज्यामुळं? पैशे देऊन यादी घेतली, सायेब. चोरली न्हाई." तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि शब्बीरभाईंकडे हात पुढे केला. मग त्यांच्याच लक्षात आलं. हात तसाच राहिला.

"तोंडानं बोला की तात्या," मी म्हणालो.

"भर बाजारात? मला काय येड लागलंय?"

शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उजवा हात पुढे केला. वर रुमाल पडला.

तात्यांनी माझी बोटं धरली. मी हात झटकला. त्यांनी पुन्हा धरली, एक बोट जास्त. मी त्यांची धरली आणि दाबली. भोवती माणसं जमली. त्यांत भानुदासबाबाही होते. मी दोनदा निघून जायला लागलो, दोन्ही वेळा तात्यांनी मनगट सोडलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ घासाघीस केली, पण इतका चांगला भाव मला स्वतःसाठी कधी मिळाला नाही.

रुमाल निघाला. शब्बीरभाईंनी विचारलं, "कितीला गेला, सर?"

माणसं बघत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांच्याकडे वाकून कानात सांगितलं.

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते बाजारात दिसले नाहीत.

कॉम्प्युटरवाल्याने शब्बीरला बुडवलं, असं त्या भागात अजून बोलतात. प्रोग्राम एकदाही चुकला नव्हता, हे कुणी बोलत नाही. तेव्हापासून माझ्याकडे कुणी नवीन काही बनवायला आला की रकाने आखायच्या आधी मी विचारतो, यातलं काय काय लोक आज झाकून ठेवतात आणि का. त्याला उत्तर देता आलं नाही, तर मी फी आगाऊ घेतो.