जशुभाईंचा गांधार

बडोद्याला निघाले तेव्हा सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि एवढंच विचारलं, "पेटी वाजवायला जातेस की दुरुस्त करायला?" दुरुस्त करायला म्हटल्यावर त्यांनी आणखी दोन दशम्या वाढवल्या. कष्टाचं काम आहे असं त्यांना वाटलं असावं.

तर मी, वय सत्तेचाळीस, औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं वजनकाटे तपासणारी पुण्याची बाई, आठ दिवसांची रजा टाकून हार्मोनियम दुरुस्ती शिकायला चालले होते. लहानपणापासून पेटी वाजवते, तेवढंच भांडवल. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म दिला होता. तो परतल्यावर सोमवारी भरून द्यायचा, नाहीतर पुढची अकरा वर्षं तेच काटे. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी. नवरा म्हणाला, आधी जाऊन बघ, हात चालतो का. माणूस शहाणा आहे, पण त्याचं ते 'आधी बघ' मला टोचत होतं.

बडोदे स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी मी हिंदीत घासाघीस केली, त्याने गुजरातीत उत्तरं दिली, आणि रिक्षात बसल्यावर त्याला फोन आला तर तो चक्क मराठीत बोलायला लागला. वाडी भागात एका पोळच्या (दाटीने घरं असलेली गल्ली) तोंडाशी त्याने मला उतरवलं. "पुढे रिक्षा नाही जायची. चालत जाजो, ताई."

ज्यांच्याकडे शिकायचं होतं त्या मोहिते काकांच्या घरात खाली पेट्या आणि वर माणसं. काका पन्नाशीपर्यंत एका रिफायनरीत फिटर होते. मग नोकरी सोडून पेट्या सुरात लावायला बसले, त्याला आता सोळा वर्षं झाली. काकूंनी मला माडीवरची खोली दिली आणि आल्या आल्या सेव-उसळ समोर ठेवली. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. काकू म्हणाल्या, ही तर पाहुण्यांसाठी मोळी (कमी तिखट) केली आहे.

चार दिवस काकांनी मला कानसच धरू दिली नाही. भाता मारायचा आणि ऐकायचं. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. सांगायला एवढंच. मग टाकाऊ रीडवर थोडं घासायला मिळालं. माझी कानस घसरायची, आणि घरच्यांना फोनवर मात्र मी छान चाललंय म्हणून सांगायचे.

शुक्रवारी काकांना करजणला लग्नाला जायचं होतं. पादऱ्याच्या जशुभाईंची पेटी दुरुस्त होऊन तयार होती. तिच्यावरची फक्त धूळ काढा, म्हणून ते गेले. मी धूळ काढली. मग बावीस वर्षांची खोड उफाळून आली. फोनवर स्वर मोजायचं ॲप होतं. एकेक पट्टी दाबून बघितली. बाकीच्या थोड्या इकडेतिकडे, पण पांढरी चार ही पट्टी सपशेल उतरलेली. काकांचं वय झालं, कान थकले असतील, असं मला वाटलं. आता लिहितानाही लाज वाटते. मी ती रीड काढली, टोकाशी घासली आणि काटा बरोबर मध्यावर आणला. कानस अजिबात घसरली नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

संध्याकाळी काका परतले, मागोमाग जशुभाई पेटी न्यायला आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, देवळात भजनं गातात. त्यांनी बसून सूर धरला आणि तिसऱ्या स्वरावर, गांधारावर थांबले. पुन्हा वाजवून पाहिलं. मग माझ्याकडे नाही, पेटीकडेच बघत म्हणाले, "आ पेटी मारी नथी." (ही पेटी माझी नाही.)

मी ॲपचं सांगितलं. काका रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. जशुभाईंचा 'सा' काळी एकचा. पांढरी चार म्हणजे त्यांचा गांधार. त्या 'सा'ला जो गांधार गोड लागतो तो यंत्राच्या मोजणीपेक्षा जरा खालीच असतो, म्हणून काकांनी तो मुद्दाम उतरवून ठेवला होता.

"यंत्र चुकलं नाही, ताई," काका म्हणाले. "पण गायचं जशुभाईंना आहे ने."

दुसऱ्या दिवशी दुपारी पादऱ्यात भजन होतं. काकांनी लावून दिलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं, पण त्यांनी पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि आम्ही सकाळच्या बसने निघालो. दोन्ही बाजूंना भाजीचे हिरवे मळे, टेम्पोंत भरलेली वांगी. मी कशाकडेही धड बघितलं नाही. रीड आधीच दोनदा घासलेली, आणखी फार पातळ झाली तर तुटणार. तुटली तर भजन बुडणार, आणि माझा फॉर्म कोराच परत जाणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जशुभाईंच्या ओट्यावर बसलो. फोन काकांच्या खिशात. जशुभाई गांधार गायचे, मी रीडच्या मुळाशी कानस एकदा फिरवायचे, लावून वाजवायचे. ते मान हलवायचे, "हजी." (अजून.) असं कितीतरी वेळा. चहा आला, निवला. मग एकदा त्यांनी गांधार धरला, मी पट्टी दाबली, आणि मला त्यांचा आवाज पेटीपासून वेगळा ऐकू येईना. मी काकांकडे बघितलं. काका दुसरीकडेच बघत होते. जशुभाई थांबलेच नाहीत, तसेच पुढे भजन गात गेले. मला रडू आलं, ते मी दडवलं नाही.

निघताना जशुभाई काकांना म्हणाले, पुढच्या वर्षीही पेटी या बेनकडूनच (ताईंकडूनच) लावून द्या. काकांनी फक्त चप्पल शोधली.

रविवारी पुण्याला उतरले. नवरा स्टेशनवर आला होता. त्याने लिल्या (ओलसर, बटाट्याच्या) चिवड्याची पिशवी घेतली आणि विचारलं, "जमलं का?"

"एक पट्टी जमली."

"किती असतात?"

"त्या पेटीत सदतीस होत्या."

"आणि एका पट्टीवर तू नोकरी सोडणार?"

"उरलेल्या छत्तीस शिकायला एवढी रजा कोण देणार मला?" मी म्हटलं. त्याने खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.