बीपीच्या गोळ्या

तुमच्या घरात कुणाला एचआयव्ही आहे हे कळलं, तेव्हा तुम्ही त्याचं ताट वेगळं केलंत, की फक्त पेला? खोटं बोलू नका. मीही आता बोलणार नाही. आज सकाळपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही मला ओळखता. निदान माझं पत्रक तरी तुमच्या हातात पडलं असेल — कळंबच्या बाजारात, धाराशिवच्या एसटी स्टँडवर, कुठल्या तरी दवाखान्याच्या बाकड्यावर. 'प्रवासाला निघताय? गोळी आणि लस विसरू नका.' एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी. निघण्याच्या महिनाभर आधी, जिथून रोजच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात जा. टायफॉइडची, काविळीची, फ्लूची लस विचारा. गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, मूळ बाटलीतच ठेवा. अनोळखी डॉक्टरपासून आजार लपवू नका. हे सगळं मी लिहिलं. खाली माझं नाव आहे — ठळक.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील संघटनेचे कार्यकर्ते, ईट गावातल्या आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. पुढं चौकात उभा राहून ओरडायला लागलो — लाज आजारी माणसाची नाही, त्याला लपवायला लावणाऱ्यांची! तुम्ही टाळ्या वाजवायचात. त्या टाळ्यांची मला आज किळस येते. आणि त्या ऐकायला थांबणाऱ्या माझीही.

आता मावशी.

आई गेल्यावर मला तिनं वाढवलं. तिचा नवरा गेला तेव्हा तिची तपासणी झाली, तेव्हापासून ती गोळी घेते. हे फक्त मला माहीत होतं. तिला गप्प मीच ठेवलं होतं. बचत गटात ती शेंगाची चटणी कुटायची. तिच्या हाताला चव, म्हणून गटानं दिल्लीच्या प्रदर्शनाला तिला निवडलं. पंधरा दिवस. त्याआधी ती सोलापूरच्या पलीकडं गेली नव्हती. तिला वाचता येत नाही, पण पत्रक मीच तिला वाचून दाखवलं होतं. तिनं ते लक्षात ठेवलं — तुमच्यासारखं घडी करून खिशात टाकलं नाही.

"चल की रं माझ्यासंगं धाराशिवला," ती म्हणाली. "तूच लिवलंयस न्हवं, महिनाभर आधी जावा म्हणून? मला एकटीला डाक्टर काय म्हणतोय ते उमगत न्हाय."

मी गेलो नाही. का? — थांबा. लोकांची भीती वाटली असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते तेवढंही चांगलं नव्हतं. त्या केंद्रात मला सगळे ओळखत. मी गठ्ठे घेऊन जायचो, चहा मिळायचा, खुर्ची मिळायची. मावशीजवळ बाकड्यावर बसलो असतो तर कुणीतरी म्हणालंच असतं — असं व्हय, घरातच हाय, म्हणून लिहितंय हे पोरगं. माझी तत्त्वं मग तत्त्वं राहिली नसती, गरज ठरली असती. एवढंच. एवढ्यासाठी.

मी म्हणालो, मी विचारून येतो. गेलो, गठ्ठा ठेवला, चहा प्यालो, परत आलो. आणि म्हणालो, "डॉक्टर म्हणाले, तुला लस चालत न्हाय."

हे खोटं मी हवेतून आणलं नाही — तेच तर. काही लसींत जिवंत जंतू असतात. अंगातली प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर त्या टाळतात. माझ्याच पत्रकात आहे ते. मावशीची शक्ती चांगली होती, आणि टायफॉइडचं ते इंजेक्शन त्यातलं नव्हतंच. मला माहीत होतं. मी एक खरं वाक्य उचललं आणि त्यानं तिचं तोंड बंद केलं.

"बरं," ती म्हणाली. "डाक्टरला ठावं."

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद ओला करून खरवडून काढला. बरोबर जाणाऱ्या गटातल्या बायका एकाच खोलीत राहणार — कुणी वाचलं तर? "कुणी इचारलं तर बीपीच्या म्हण," मी शिकवलं. ती हसली. "तुझ्या कागदात तर आसं न्हाय."

बाराव्या दिवशी गटाच्या अध्यक्ष बाईंचा फोन आला. मावशीला चार दिवस ताप, आता ग्लानीत, दवाखान्यात ठेवलंय, टायफॉइड म्हणतात. "तिच्या पिशवीत गोळ्या हायत, पण बाटलीवर काईच लिवलेलं न्हाय. डाक्टर इचारतेत, कशाच्या हायत ह्या?"

तुम्ही काय म्हणाला असतात? नको, सांगू नका. मागं बाकीच्या बायकांचे आवाज येत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. 'फोन डॉक्टरांकडं द्या' — तेवढंही पुरलं असतं.

मी म्हणालो, "बीपीच्या."

तापात तिचा बीपी आधीच उतरला होता. डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. बरोबरच केलं त्यांनी. नऊ दिवस ती गोळीशिवाय पडून होती, आणि नऊही दिवस माझ्या हातात फोन होता.

लस घेतली असती तर टायफॉइड झालाच नसता असं नाही, हे मला कळतं. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळ ऐकवलंय. तुम्ही ते मला ऐकवू नका.

ती परत आली. केस गेले, उखळापुढं बसायची ताकद गेली. चटणी आता दुसरी बाई कुटते. केंद्रातल्या तपासणीत विषाणू पुन्हा वाढलेला निघाला. तिथल्या बाई खेकसल्या — गोळ्या का चुकवल्या? मान खाली घालून तिनं ऐकून घेतलं. तेव्हाही ती एकटीच गेली होती. घरी येऊन मलाच म्हणाली, "डाक्टरनंच सुई नगं म्हणलं, अन् वर मलाच बोलत्यात. कशाला ऐकायचं त्यांचं?" या महिन्याच्या गोळ्या आणायला ती गेली नाही. बाटली कोनाड्यात रिकामी.

म्हणून आज सकाळी सांगितलं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी विचारलंच नव्हतं. फोनवर बीपीच्या म्हणणाराही मीच. तिनं निवडायला घेतलेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग उठली, पदर झटकला, केंद्राची वही पिशवीत टाकली. मी चप्पल घालायला लागलो.

"तू नगं येऊ." दारात ती वळली. "आन् आत्ता बोललास ते समदं छाप. लपवायचं तुला हुतं, मला न्हवतं. त्या कागदावर तुझं नाव हाय न्हवं?"

"हाय."

"कागद खरा हाय. ऱ्हाऊ दी. नाव तेवढं काढ."

आणि ती धाराशिवच्या गाडीला गेली.

ते कागद कुठं कुठं गेलेत, मला माहीत नाही. तुमच्याकडं असेल तर फाडू नका. ज्याला प्रवासाला निघायचंय त्याला द्या, आणि केंद्रात त्याच्या शेजारी बाकड्यावर बसा. पण आधी पेन घ्या आणि खालचं नाव खोडा — वाचता येणार नाही इतकं.