‘या’ म्हणायला मनाई

दिनांक २२ फेब्रुवारी, रविवार, सायंकाळ. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या हेडमास्तरीणबाईंनी शेजाऱ्यांना चहाला बोलावले. निघताना प्रत्येक पाहुण्याला त्या दारापर्यंत येऊन “या हं पुन्हा” म्हणाल्या. ज्यांनी बशीभर बिस्किटे फस्त करून वर पडद्यांना नावे ठेवली, त्यांनाही म्हणाल्या. चिमणीताईंची पाळी आली तेव्हा मात्र हेडमास्तरीणबाईंना स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला. गॅस बंद होता. चिमणीताईंनी भेट म्हणून आणलेली रोपाची कुंडी दुसऱ्या दिवशी जिन्यात, केरसुणीशेजारी आढळली. नोंद असावी म्हणून हे लिहून ठेवले आहे.

गुन्हा एवढाच, की चिमणीताई अंत्यसंस्कारांच्या कार्यालयात नोकरी करतात. मृतांना स्नान घालणे, केस विंचरणे, घरून आलेले चांगले कपडे अंगावर चढवणे हे त्यांचे काम. समाजाला हे काम हवे असते, निगुतीने केलेले हवे असते. ते करणारी बाई तेवढी आपल्या सोफ्यावर नको असते.

‘चिमणी’ हे नाव कार्यालयाच्या मालकीणबाईंनी ठेवलेले, कारण मागच्या खोलीत अखंड चिवचिव चाले.

“आजोबा, मान जरा अलीकडे. वा! घरी एवढं ऐकलं असतंत, तर आजींचा घसा शाबूत राहिला असता.”

“त्यांना ऐकू जातं असं वाटतं का गं तुला?” शववाहिका चालवणारी धिप्पाड बाई दारातून विचारी. तिला सगळे पायलट म्हणत.

“न का जाईना. तुझ्यासारखे मध्येच तोडत तरी नाहीत!”

याआधी चिमणीताईंची उमेदीची वर्षे चपलांच्या दुकानात गेली होती. “या पुन्हा” हे दोन शब्द तिथेच जिभेवर बसले, ते कायमचे. इथे पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी बजावले होते, “दाराशी कुणाला ‘या’ म्हणायचं नाही.”

“मग काय, ‘जा’ म्हणू?”

“‘जा’ कसं म्हणशील? हाकलल्यासारखं वाटतं.”

“अहो, मग म्हणू तरी काय?”

“‘काळजी घ्या’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.”

पहिला भाग चिमणीताईंना जमला. दुसऱ्यासाठी त्यांचा जन्मच नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला एका वृद्ध घड्याळजींना तिथे आणले गेले. सोबत त्यांची पत्नी आणि वकील मुलगा. सगळी तयारी झाल्यावर वृद्ध काकूंनी जवळ येऊन निरखून पाहिले.

“भांग चुकलाय. ह्यांचा उजवीकडून असतो.”

“अगंबाई! माफ करा हं काका.” चिमणीताईंनी कंगवा ओला करून भांग पुन्हा पाडला. “आता?”

“आता मला पाहायला आले होते तसे दिसतायत. फक्त तेव्हा घामाने निथळत होते.”

दोघी हसल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी होते, तरी हसल्या. वकीलसाहेबांच्या कपाळावर आठी उमटली. सगळे नीट पार पडले, मंडळी निघाली, आणि दाराशी उभ्या चिमणीताईंच्या तोंडून, चपलांच्या दुकानातल्या त्याच भरघोस आवाजात निघून गेले, “या हं पुन्हा!”

वकीलसाहेब वळले. “पुन्हा? कुणाला घेऊन?”

पायलट घाईघाईने गाडीचे चाक तपासायला वाकली. चाकात काही बिघाड नव्हता. तिचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. सोमवारी वडिलांचा राहिलेला चष्मा न्यायला वकीलसाहेब येणार होते, आणि त्या बाईंना काढल्याचे त्यांना तेव्हा ऐकायचे होते.

“आपला धंदा लोकांनी एकमेकांना सांगण्यावर चालतो, चिमणे,” मालकीणबाई म्हणाल्या. “तो अडूनच बसला तर माझा नाइलाज आहे.”

चिमणीताई मागच्या खोलीत गेल्या आणि एका आजोबांचे केस त्यांनी एक अक्षरही न बोलता विंचरले.

“बोल की गं काहीतरी,” पायलट म्हणाली. “त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं होत असेल.”

“काय बोलू? दुकानात लोक नुसता पाय पुढे करायचे. इथे अख्खं माणूस विश्वासाने हाती देतात. हे सोडून जाऊ कुठे?”

सोमवारी वकीलसाहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ काकूही आल्या.

“आई, तुला गाडीत बस म्हटलं होतं ना?”

“मला इथे बोलावणं आहे,” म्हणून काकू सरळ चिमणीताईंसमोरच्या खुर्चीत बसल्या. “तू ‘या’ म्हणालीस ना गं? आले बघ.”

मालकीणबाईंनी चष्म्याची डबी पुढे करता करता मागे घेतली. वकीलसाहेब खाकरले. “आई, त्याच वाक्याबद्दल माझी तक्रार आहे.”

“तुझी असेल. माझी वेगळी आहे. हे गेल्यापासून सगळे घरी येतात, मान हलवतात, ‘काळजी घ्या’ म्हणतात. ‘आमच्याकडे या’ असं एकाने तरी म्हटलं का? जणू मी पायाला दुःख चिकटवून आणीन आणि त्यांची फरशी खराब होईल. साऱ्या गावात मला ‘या’ म्हणणारी ही एकटी.”

“पण आई, लोक काय म्हणतील?”

“काहीच म्हणत नाहीत रे. तेच तर सांगतेय!”

वकीलसाहेबांनी खुर्ची ओढून घेतली. चहा आला, काकूंनी दोन कप घेतले. उठताना त्यांनी चिमणीताईंचा हात धरला. “आता तू आमच्याकडे यायचंस. रविवारी. आणि बडबड करायची, घर फार शांत झालंय.”

चिमणीताईंनी लगेच पत्ता लिहून घेतला.

“मग साहेब,” मालकीणबाईंनी विचारले, “या बाईंचं काय करायचं?”

“राहू द्या,” वकीलसाहेब पुटपुटले. चष्मा खिशात घालून ते आईमागोमाग दाराशी गेले, आणि आयुष्यभराच्या सवयीने म्हणाले, “बराय, येतो.”

म्हणाले आणि जीभ चावली. मालकीणबाई छताकडे पाहू लागल्या. चिमणीताईंनी ओठ असे आवळले, की कान लाल झाले. बोलली ती पायलट, “सावकाश या, साहेब. अजिबात घाई नाही.”

सर्वांत आधी हसू फुटले ते काकूंना. मग वकीलसाहेबांनाही.

चिमणीताई नोकरीत कायम आहेत, आणि रविवारी काकूंकडे त्यांच्या चिवचिवाटापुढे भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिकही ऐकू येत नाही. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातली कुंडी मात्र अद्याप केरसुणीशेजारीच आहे. हेडमास्तरीणबाई हे वाचतील, इतर सुशिक्षित मंडळीही वाचतील. सर्वांकडे मागणी एकच: कुंडी घरात घ्या, आणि असे काम करणारी बाई तुमच्या घरून निघेल, तेव्हा दारापर्यंत जाऊन तिला ‘या पुन्हा’ म्हणा.