चवथीच्या देवाचं नाव

भोईवाड्याच्या त्या चाळीत बकुळाला विधवा म्हणायची कुणाची छाती नव्हती. नवरा काश्मीरच्या लढाईत हरवला, तशी तार आली. तार तिने चुलीत घातली आणि दुसऱ्या दिवशी कपाळभर कुंकू लावून गिरणीत कामाला हजर झाली. “हरवलो म्हंजे मेलो नाय,” एवढंच म्हणाली. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईने लग्नाआधी बजावलेलं. बकुळाने ते असं पाळलं, की चाळीला त्याचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. सगळ्यांचा तो बाबी खवणेकर. सासू-सासरे केव्हाच गेलेले, मूलबाळ नाही.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. चाळीचा पुढारी चिंतामणी नुकताच सत्याग्रहात तुरुंग पाहून आला होता. माणूस सोन्यासारखा, पण ऐकण्यापेक्षा बोलण्याची हौस दांडगी. मागच्या बागेला कुणा गोऱ्या साहेबाचं नाव होतं. ते पुसून आपल्या जवानाचं द्यायचं, असं त्याने मनावर घेतलं. म्युन्सिपालटीत खेटे घालून चपला झिजवल्या, परवानगी मिळवली, आणि मग बकुळाच्या दारात उभा राहिला.

“वहिनी, बाबीचं कागदावरचं नाव काय हो?”

बकुळाने पदर तोंडाला लावला. “चवथीक येता ना, त्या देवाचा.”

“म्हणजे गजानन! वा!” घाटावरच्या या गड्याने दुसरं काही विचारलंच नाही.

बकुळा नाही म्हणणार होती, पण गप्प बसली. तिच्या मनात आलं, बरंच झालं. मेला असेल तर तो कोण गजानन मेला. आपलं माणूस आहे कुठेतरी. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पण ही शांती टिकली नाही. पाटी लागायच्या आधीच ‘गजाननची बाग’ लोकांच्या तोंडी बसली. खोटं आपण बोललो नाही, पण खरंही बोललो नाही, हे बकुळाला कळत होतं. कुणाला सांगायचं तर नावच घ्यावं लागणार.

समारंभाला सारा भोईवाडा लोटला. बकुळाला पुढे, रखमाच्या शेजारी बसवलं होतं. रखमाचा मुलगा लवू मोर्चावरच्या गोळीबारात पडलेला. आधी हुतात्म्यांची नावं घेतली. लवूचं नाव येताच रखमाने हंबरडा फोडला, आणि सगळी बाग “अमर रहे” म्हणून गरजली. मग चिंतामणीने आरोळी दिली, “वीर जवान गजानन खवणेकर!”

बाग पुन्हा गरजली. बकुळाला काहीच वाटलं नाही. परक्याच्या तेराव्याला जेवायला बसल्यासारखी ती बसून राहिली. शेजारी रखमा डोळे पुसत होती, आणि बकुळाला तिचा चक्क हेवा वाटला. लवूला रडायला आई होती, त्याचं नाव हजार तोंडांत होतं. आपण डोळे मिटले की आपल्या माणसाचं नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही. जिवंत ठेवता ठेवता आपणच त्याला पुसून टाकलं.

ती उठली. पाटीवरचा पडदा ओढायला चिंतामणीने हात उचलला होता, तो तिने धरला.

“गजानन नाय,” ती म्हणाली. “गणपत.”

गलक्यात कुणाला काही कळलं नाही. चिंतामणीने कान पुढे केला. “काय म्हणालात वहिनी? ऐकू नाही आलं. जरा मोठ्याने सांगा.”

तिला ते पुन्हा सांगावं लागलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “गणपत. माझ्या घोवाचा नाव गणपत.”

आणि तिथेच ती मटकन खाली बसली. रखमाने तिला पोटाशी धरलं. काश्मीरला तो कधी का पडला असेना, बकुळाचा नवरा त्या दिवशी भोईवाड्याच्या बागेत मेला.