साडूंच्या मनातलं

आमच्या साडूंइतका मनाचा थांग न लागू देणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. तरुणपणी पुलगावात कबड्डी खेळायचे तेव्हा नजर डावीकडे आणि झेप उजवीकडे. हीच खोड पुढे संसारात उतरली. आर्वीला जातो म्हणून निघायचे आणि आंजी गावातल्या बहिणीकडे जेवून परतायचे. "चहा नको" म्हणाले की ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, निमूट आधण ठेवायची. त्यांच्या शब्दावर जायचं नसतं, हे घरातल्या लेकरांनाही ठाऊक होतं.

मग गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी "मूठ उघडा" म्हटलं की साडू म्हणायचे, "उघडून राह्यलो ना." हात तसाच. ताई चिडायची, "काही करत नाई हे. नुसते बसून राह्यतात."

अखेर वर्ध्याच्या एका दवाखान्यात त्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढली. हात हलवायचं मनात आलं की मेंदूत बारीकशी लहर उठते, ती टोपी टिपते, पडद्यावर हिरवा दिवा लागतो आणि हातात घातलेला यांत्रिक मोजा मूठ उघडून देतो, असं तिथल्या डॉक्टर मुलीनं समजावलं. साडूंचा चेहरा पडला. "म्हंजे माह्या मनातलं हिले दिसते?" त्यांनी लगेच डाव टाकला. दातओठ खाऊन, डोळे वटारून जोर लावल्याचं सोंग केलं. दिवा लागला नाही. "काका, तोंड सैल सोडा आणि खरंच उघडा," मुलगी म्हणाली. साडू हिरमुसून खिडकीबाहेर बघत बसले, आणि दिवा लागला. मूठ उघडली. मिटली, पुन्हा उघडली.

ताई टक लावून बघत होती. "घरी पण असंच करत असतीन का हे?"

"करतच असणार," डॉक्टर मुलगी म्हणाली. "मेंदू सांगतो, पण ते हातापर्यंत पोचत नाही."

ताई साडूंच्या कपाळावरचा, टोपीखाली लावलेला चिकट लेप पदरानं पुसत म्हणाली, "मले सांगाचं नाई का?"

"सांगतलं ना," साडू हळूच म्हणाले.

उपचार संपले. मोजा दवाखान्यातच राहिला आणि हातात फारसा फरक पडला नाही. परवा त्यांना भेटून निघालो तेव्हा साडू ओसरीत बसले होते, उजवा हात मांडीवर निपचित. मी फाटकाशी मागे वळून पाहिलं. हात जागचा हलला नव्हता.

"टाटा करून राह्यले ते, भाऊजी," शेजारी उभी असलेली ताई म्हणाली.

मीही हात हलवला. लगेच खाली घ्यावासा वाटेना.